इझेनहाइमचं वेदीचित्र: एक बुरशी, एक रुग्णालय आणि उपचारातलं चित्र

गेली काही वर्षं मी आमच्या इंटर्न मुलामुलींना एक जुनं प्रकरण सांगते. त्यात रुग्ण आहेत, रुग्णालय आहे, आहार आहे, मलम आहे, शस्त्रक्रिया आहे. आणि या सगळ्यांच्या जोडीला, लाकडावर रंगवलेलं, दारांसारखं उघडत जाणारं, जवळजवळ पावणेतीन मीटर उंचीचं एक चित्र आहे. ते चित्र उपचारांचा भाग होतं, असं माझं मत आहे. भिंतीची शोभा म्हणून ते तिथे नव्हतं. असं का म्हणते, ते सविस्तर सांगायचं आहे.

मी प्रसूतिकक्षात काम करणारी डॉक्टर. कलेचं शिक्षण मी घेतलेलं नाही. या चित्रापर्यंत पोचले ती एका इंजेक्शनचा माग काढत. ते इंजेक्शन पुढे येईलच.

गाव, मठ आणि संत

फ्रान्सच्या पूर्वेला, ऱ्हाइन नदीच्या काठाने अल्सास हा प्रांत पसरलेला आहे. तिथल्या कोलमार शहराच्या दक्षिणेला इझेनहाइम नावाचं गाव आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे अँटनाइट पंथाच्या साधूंचा मठ होता आणि मठाला जोडून रुग्णालय. हा पंथ निघाला तो १०९५ च्या सुमारास, फ्रान्सच्या दोफिने भागात. संत अँथनीच्या अस्थी तिथल्या एका गावात ठेवल्या आहेत, अशी लोकांची श्रद्धा होती आणि एका विशिष्ट रोगाने पोळलेली माणसं त्यांच्या दर्शनाला येत. या माणसांची सेवा करायची म्हणून काही गृहस्थ एकत्र आले, त्यातून पंथ उभा राहिला आणि पुढे युरोपभर त्याची शेकडो रुग्णालयं झाली.

इथे एक खुलासा. वसईत आणि गोव्यात घरोघरी ज्याची तसबीर असते, कडेवर बाळ येशू आणि हातात लिलीचं फूल असलेला, तो संत अँथनी पादुआचा, तेराव्या शतकातला. आपल्या प्रकरणातला संत त्याच्या कितीतरी आधीचा. हा इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला वृद्ध तपस्वी. पांढरी दाढी, हातात इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची काठी आणि पायाशी बहुधा एक डुक्कर. अँटनाइट साधूंच्या झग्यावरही हेच निळं 'टी' असे आणि त्यांची डुकरं गळ्यात घंटा बांधून गावात मोकळी हिंडत.

रोगाला लोक 'संत अँथनीची आग' म्हणत. आपल्याकडे 'देवी आल्या' म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. देवी देते आणि देवीच नेते. तसंच हा संत कोपला की आग लावतो आणि प्रसन्न झाला की विझवतो, असं मानलं जाई.

आग म्हणजे काय होतं

सुरुवात हातापायांच्या बोटांपासून व्हायची. आधी मुंग्या, मग जळजळ. रुग्ण ओरडायचे की आत निखारे आहेत, पण हात लावून पाहिलं तर अवयव गार. मग तो भाग निळा पडायचा, काळा पडायचा, वाळायचा आणि शेवटी सांध्यापासून गळून पडायचा, पुष्कळदा रक्ताचा थेंबही न सांडता. दुसऱ्या प्रकारात झटके यायचे, अंग पिळवटून निघायचं, नको ते दिसायला लागायचं. ऱ्हाइनकाठच्या एका जुन्या बखरीत ८५७ सालची नोंद आहे: लोकांच्या अंगावर फोड उठले, ते सडत गेले आणि मरणाआधीच त्यांचे अवयव गळून पडले.

कारण होतं ताटातल्या भाकरीत. तिथला गरीब माणूस गव्हाचा पाव खात नसे, तो परवडायचा नाही. तो खायचा 'राय' नावाच्या भरड धान्याचा काळसर पाव. थंडी आणि पावसाचं वर्ष असलं की रायच्या फुलोऱ्यावर क्लॅव्हिसेप्स परप्युरिया ही बुरशी बसते. आधी कणसातून मधासारखा चिकट रस पाझरतो, त्यावर कीटक येतात आणि बुरशी या कणसावरून त्या कणसावर नेतात. मग दाण्याच्या जागी एक कठीण, जांभळट काळी, किंचित वाकडी गाठ तयार होते. कणसातून ती कोंबड्याच्या पायामागच्या नखीसारखी बाहेर डोकावते. त्या नखीला फ्रेंचमध्ये 'एर्गो' म्हणतात, त्यावरून रोगाचं नाव अर्गट. गाठी दाण्यांबरोबर दळल्या गेल्या की पिठात मिसळतात आणि मग काही ओळखू येत नाही.

या गाठीत जी अल्कलॉइड द्रव्यं असतात, त्यातलं अर्गोटामिन रक्तवाहिन्यांना आवळतं. बोटांच्या टोकाकडच्या बारीक वाहिन्या आवळून धरल्या की रक्त पोचत नाही. म्हणून जळजळ, म्हणून गारठा, म्हणून काळं पडणं. काही द्रव्यं मेंदूवर काम करतात, म्हणून भास.

इझेनहाइमच्या साधूंना यातलं काहीही माहीत नव्हतं. बिघडलेल्या रायचा आणि अवयव झडण्याचा संबंध देनी दोदार या फ्रेंच वैद्याने १६७६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवला आणि बुरशीचं जीवनचक्र त्युलान याने १८५३ मध्ये नीट मांडलं.

आता माझं इंजेक्शन. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळलं नाही की रक्त थांबत नाही आणि बाई पाहता पाहता हातची जाते. अशा वेळी आम्ही जी औषधं वापरतो त्यात मिथाइल अर्गोमेट्रिन आहे, आपल्या नर्सेस ज्याला 'मेथर्जिन' म्हणून ओळखतात. फ्रिजमध्ये ठेवलेली ती बारीकशी काचेची कुपी याच बुरशीच्या कुळातली. आवळण्याचा तोच गुण, पण मात्रा आणि वेळ आपल्या हातात. रक्तदाब वाढलेल्या बाईला ते द्यायचं नाही, हे इंटर्नला पहिल्या दिवशी बजावलं जातं, कारण आवळायचं म्हटल्यावर ते फक्त गर्भाशयाला आवळत नाही. युरोपातल्या सुइणी कळा वाढवायला अर्गटच्या गाठी देत, अशी नोंद १५८२ च्या एका वनस्पतिग्रंथात आहे. पुढे अर्गोटामिन वेगळं काढलं ते १९१८ मध्ये, बाझेलच्या सँडोझ कंपनीत, आर्थर श्टोल यांनी. त्याच प्रयोगशाळेत १९३८ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांच्या हातून अर्गटवरच्या कामात एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य तयार झालं. बाझेल ते कोलमार हे अंतर साठेक किलोमीटरचं. ज्या मुलखात ही बुरशी माणसं जाळत होती, त्याच मुलखात तिचं औषध झालं.

आपल्यालाही हा रोग अगदी परका नाही. बाजरीवर अर्गट पडतो, शेतकरी त्याला 'अरगट'च म्हणतात. आपली बुरशी वेगळ्या जातीची आहे, तिच्यातली द्रव्यंही वेगळी. तिच्यामुळे उलट्या होतात, भोवळ येते, गुंगी चढते, पण हातपाय झडत नाहीत. १९५० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन विषबाधेची साथ आली होती. त्यावरचा उपाय शेतकऱ्याच्या अंगणात होतो. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचं आणि बियाणं त्यात ओतायचं. निरोगी दाणा जड, तो तळाशी बसतो. अरगटाच्या गाठी आणि पोचट दाणे हलके, ते वर तरंगतात. तरंगणारं सगळं काढून नष्ट करायचं, खालचं बी दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. माझ्या आजोळी हे काम आजी करायची. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या काळपट कणांकडे बोट दाखवून ती म्हणायची, "हे पोटात जायचं नाही." इझेनहाइमला कुणाला एवढं ठाऊक असतं, तर तिथलं रुग्णालय अर्धं रिकामं राहिलं असतं.

उपचार

अँटनाइट साधू रुग्णाला दाखल करण्याआधी तपासत. रोग तोच आहे अशी खात्री पटली की त्याला मठात जागा मिळे, ज्यांचे अवयव गेले त्यांना कायमची. खायला चांगला पाव आणि डुकराचं मांस. प्यायला संताच्या अस्थींवरून ओतलेली पवित्र वाईन. लावायला वनस्पती आणि चरबी यांचं मलम. आणि अवयव पुरता गेला असेल तर शल्यचिकित्सक बोलावून तो काढून टाकणं.

यातला गुणकारी भाग कुठला, हे आज सांगता येतं. चांगला पाव. रुग्ण मठात आला की त्याचा रोजचा विषारी पाव सुटायचा. रोग फार पुढे गेलेला नसेल तर रक्तवाहिन्या हळूहळू सैल पडत, ऊब परत येई. श्रेय मात्र वाईनला आणि संताला मिळायचं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आजही आपण देतो त्या कितीतरी गोष्टींत नेमकं काय लागू पडलं ते नंतर कळतं. त्या साधूंनी माणसाला आत घेतलं, अंथरूण दिलं, स्वच्छ अन्न दिलं. कारण चुकीचं होतं, पण कृती योग्य होती.

शस्त्रक्रियेबद्दल आपल्याला बरीच माहिती मिळते ती हान्स फॉन गेर्सडॉर्फ या स्ट्रासबुर्गच्या शल्यचिकित्सकामुळे. जखमांवरच्या उपचारांचं त्याचं पुस्तक १५१७ मध्ये छापलं गेलं. त्यात पाय कापतानाचं एक लाकडी ठशाचं चित्र आहे. रुग्ण बसलेला आहे, करवत चालू आहे, रक्त खाली भांड्यात पडतंय. मागे एक माणूस उभा आहे. त्याचा हात आधीच गेलेला, थोटकावर जनावराचं मूत्राशय चढवून बांधलेलं आणि अंगावर अँटनाइटांचं 'टी'. तो पाहत उभा आहे, इतकंच.

चित्र

याच काळात, १५१२ ते १५१६ या वर्षांत, इझेनहाइमच्या मठाचा प्रमुख ग्वीदो ग्वेर्सी याने चर्चच्या मुख्य वेदीसाठी चित्र करून घेतलं. आतले लाकडी पुतळे निकोलाउस हागेनाउअर या शिल्पकाराचे. रंगकाम केलं ते ज्याला आपण ग्रुनेवाल्ड म्हणतो त्याने. हे नाव सतराव्या शतकातल्या एका चरित्रकाराने चुकून दिलेलं आहे. त्याचं खरं नाव मथिस, आडनाव गोटहार्ट किंवा निटहार्ट.

तिकडे रोममध्ये मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलचं छत १५१२ मध्येच पुरं केलं. तिथला आदम पाहा. एकही व्रण नसलेलं, घडीव शरीर. इझेनहाइमचा ख्रिस्त त्याच वर्षांतला आहे, यावर डोळे विश्वास ठेवायला तयार होत नाहीत.

वेदीचित्राला तीन अवस्था आहेत. एरवी ते बंद असे. सणावारी बाहेरची दारं उघडत, मग दुसरी चित्रं दिसत. तीही उघडली की सगळ्यात आत सोनेरी पुतळे, मधोमध सिंहासनावर संत अँथनी. वर्षातले बहुतेक दिवस दिसायचं ते बंद अवस्थेतलं चित्र, म्हणजे क्रुसावरचा ख्रिस्त.

मी कोलमारला गेले तेव्हा या चित्रासमोर उभी राहिले आणि डॉक्टर म्हणून पाहू लागले. तसं न पाहणं मला शक्यच झालं नाही. त्वचा हिरवट राखाडी. अंगभर काट्यांचे तुकडे रुतलेले, प्रत्येकाभोवती सुजलेला छोटा व्रण. ओठ निळे. हातांची बोटं वर आकाशाकडे ताठ, वाकडी, जणू झटका येऊन तिथेच थिजलेली. पावलं एका मोठ्या खिळ्याखाली चुरगळलेली. आकाराने हा ख्रिस्त बाजूच्या माणसांपेक्षा मोठा आहे. डावीकडे पांढऱ्या वस्त्रातली मेरी शुद्ध हरपून मागे कलंडलेली आहे आणि येशूचा शिष्य असलेल्या तरुण योहानाने तिला सावरलंय. उजवीकडे बाप्तिस्मा देणारा योहान लांबलचक बोटाने ख्रिस्ताकडे खूण करतोय. दोन्ही बाजूंच्या अरुंद फळ्यांवर दोन संत: प्लेगपासून राखणारा सेबास्टियन आणि आगीपासून राखणारा अँथनी. रुग्णालयाला ज्या दोन आजारांचं भय होतं, त्यांचे रखवालदार दोन्ही दारांशी उभे.

आता पलंगावरून किंवा कुबडीवर इथवर आणलेला रुग्ण डोळ्यांपुढे आणा. त्याची स्वतःची त्वचा अशीच आहे. गावात त्याला कुणी जवळ करत नव्हतं, बायकामुलंही नाकाला पदर लावत असतील. आणि इथे वेदीवर, ज्याला सगळे गुडघे टेकतात, त्याची कातडी याच्यासारखी.

अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे. क्रूस चित्राच्या बरोबर मध्यावर नाही, जरा बाजूला सरकलेला आहे. त्यामुळे दारांची फट ख्रिस्ताच्या धडाला लागून जाते. दारं उघडली की एक हात धडापासून तुटून दारासोबत बाजूला जातो. खालच्या आडव्या पट्टीवर ख्रिस्ताच्या कलेवराभोवती शोक चालल्याचं दृश्य आहे. ती सरकवली की पाय गुडघ्याखाली वेगळे होतात. चित्रकाराने हे मुद्दाम केलं का, यावर वाद घालता येईल. फट कुठेतरी यायचीच, असंही कुणी म्हणेल. पण ज्या खोलीत हात आणि पाय गमावलेली माणसं बसलेली आहेत, तिथे सणाच्या सकाळी दारं उघडताना हे सगळ्यांना दिसलंच असणार. आणि त्या तुटण्यातूनच आतला उजेड बाहेर यायचा.

कारण आत रंग बदलतो. एका टोकाला पुनरुत्थान आहे: थडग्यातून वर झेपावणारा ख्रिस्त, मागे केवढं तरी तेजाचं वर्तुळ, आणि त्वचा स्वच्छ, गोरी, नितळ. खिळ्यांच्या खुणा आहेत, पण त्या आता उजळतायत. चट्ट्यांनी भरलेलं अंग आणि हे अंग, दोन्ही एकाच माणसाची. मध्ये मेरी बाळाला घेऊन बसली आहे. तिच्या पायाशी लाकडी टब, पाळणा आणि चक्क एक मूत्रपात्र. बाळ गुंडाळलेलं फडकं फाटकं आहे. देवाच्या जन्माच्या चित्रात मूत्रपात्र कशाला, असं वाटेल. वॉर्डात काम केलेल्या माणसाला वाटणार नाही. रुग्ण सकाळी ज्या वस्तूंमधून उठून आला, त्याच वस्तू त्याला इथे सोन्याच्या शेजारी मांडलेल्या दिसायच्या.

कागदाचा तुकडा

सगळ्यात आतल्या अवस्थेत पुतळ्यांच्या दोन बाजूंना दोन चित्रं आहेत. एकात संत अँथनी दुसऱ्या एका वृद्ध तपस्व्याला भेटायला आलाय. दोघांच्या पायाशी झाडपाला दाट वाढलेला आहे आणि त्यातली पानं वनस्पतिशास्त्रज्ञांना ओळखता येतात इतकी अचूक आहेत: आपल्या इसबगोलाच्या कुळातला प्लँटेन, व्हर्बेना, खसखशीच्या जातीचं फूल. मलमात जाणाऱ्या औषधी इथे वेदीवरच लावलेल्या. औषधालयाची पाटी म्हणा हवं तर.

दुसरं चित्र संताच्या छळाचं. राक्षस त्याचे केस ओढतायत, काठ्या उगारतायत, चावतायत. खाली डाव्या कोपऱ्यात एक आकृती पडलीय: पोट फुगलेलं, अंगभर गळवं, एका हाताचं थोटूक झालेलं, पाय मात्र बदकासारखे पडद्याचे. हा अर्गटचा रुग्ण आहे, असं कितीतरी ठिकाणी बेधडक लिहिलेलं सापडतं. मला एवढी खात्री देता येणार नाही. अर्गटचा गँगरीन कोरडा असतो, अवयव काळा पडून वाळतो. ही आकृती फुगलेली, पुवाने भरलेली आहे. कुणी उपदंश म्हणतं, कुणी आणखी काही. चित्रावरून निदान करण्याचा मोह डॉक्टरांना आवरत नाही, पण इथे तो आवरावा. ग्रुनेवाल्डने एका रोगाचा तक्ता काढलेला नाही. वॉर्डात जे जे पाहिलं ते त्याने एकाच देहात कोंबलं आणि पाय राक्षसाचे लावले. रुग्ण स्वतःकडे कसा पाहत असेल, गाव त्याच्याकडे कसं पाहत असेल, हे मला त्या पायांत दिसतं.

आता उजवीकडे खाली. तिथे जमिनीवर कागदाचा एक छोटा तुकडा रंगवलेला आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय: कुठे होतास, भल्या येशू, कुठे होतास? माझ्या जखमा बऱ्या करायला तू का आला नाहीस?

हे वाक्य संत अँथनीच्या जुन्या चरित्रातून आलेलं आहे. त्या कथेत पुढे उत्तरही येतं: अँथनी, मी इथेच होतो, तुझी झुंज पाहत थांबलो होतो. चित्रातल्या कागदावर हे उत्तर नाही. वर, दूर आकाशात उजेडामध्ये देव बसलेला दिसतो, हे खरं. पण लिहिलेला आहे तो फक्त प्रश्न.

माझ्या सगळ्या प्रकरणाचं मूळ या कागदात आहे. दुखणाऱ्या माणसाच्या मनात हाच प्रश्न असतो. आमच्याकडे तो 'मलाच का?' असा येतो, 'देवा, तू झोपलास का?' असा येतो, आणि बहुतेक वेळा बाकीचे त्याला गप्प करतात. असं बोलू नये, श्रद्धा ठेव, सकारात्मक राहा. इझेनहाइमच्या साधूंनी तो प्रश्न दाबला नाही. उलट संताच्या तोंडी घातला आणि वेदीवर लावला. विठ्ठलाशी कडाकडा भांडणाऱ्या संतांची सवय असलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळेल. तक्रार करायला जागा मिळाली की वेदना कमी होते असं नाही, पण माणूस तिच्यासोबत एकटा राहत नाही. पाव शरीरावर काम करत होता, ते साधूंना कळत नव्हतं. चित्र कशावर काम करतंय, ते मात्र त्यांना नेमकं कळत होतं. म्हणून मी या चित्राला उपचार म्हणते.

त्याने गँगरीन थांबला, असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. आजकाल कलेने रोग बरे होतात असं सर्रास बोललं जातं, त्याचा मला राग येतो. आवळलेली रक्तवाहिनी चित्र पाहून सैल होत नाही. तिला पाव बदलावा लागतो.

चित्राचीच तपासणी

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडला. वेदीचित्र १७९२ मध्ये कोलमारला हलवलं गेलं आणि १८५३ पासून ते तिथल्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. त्युलानने बुरशीचं जीवनचक्र मांडलं, तेही याच वर्षी. उंटरलिंडेन म्हणजे लिंडेन झाडांखाली, आणि चित्राच्या फळ्याही लिंडेनच्याच लाकडाच्या. पहिल्या महायुद्धात ते म्युनिकला गेलं, १९१९ मध्ये परत आलं. दुसऱ्या महायुद्धातही त्याला ठिकठिकाणी लपवावं लागलं. आज त्याच्या फळ्या सुट्या करून, प्रत्येक बाजूला फिरून पाहता येईल अशा मांडल्या आहेत आणि मूळ दारं कशी उघडत, ते दाखवायला भिंतीवर छोट्या प्रतिकृती आहेत.

एवढ्या प्रवासात चित्रही आजारी पडलं. रंगाचे पापुद्रे सुटले. रंगाचं रक्षण करायला वरून पारदर्शक रोगण देतात. असे थरावर थर चढत गेले आणि काळाच्या ओघात पिवळे तपकिरी झाले. २०११ मध्ये साफसफाईला सुरुवात झाली, पण काम फार घाईने चाललंय अशी टीका झाली आणि ते थांबवावं लागलं. माझ्या मते ते थांबलं ही फार चांगली गोष्ट झाली. आधी तपासण्या, मग सुरी, हा आमच्याकडचा नियम चित्रालाही लागू आहे.

तपासण्यांची साधनं आपल्या ओळखीची आहेत. क्ष-किरणांत शिशाचा पांढरा रंग हाडासारखा उजळ दिसतो. अवरक्त किरण रंगाच्या थरातून आत जाऊन खालचं कोळशाचं रेखाटन दाखवतात. अतिनील उजेडात जुनं रोगण चमकतं आणि नंतर कुणी केलेली डागडुजी काळ्या डागासारखी उठून दिसते. क्ष-किरण प्रतिदीप्तीने, चित्राचा कणही न खरवडता, रंगात तांबं आहे की पारा ते कळतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात फ्रान्सच्या सरकारी संग्रहालयांसाठी एक संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या चित्राचा अभ्यास केला आणि त्यानंतर, २०१८ ते २०२२ या काळात, पुनरुज्जीवनाचं मोठं काम झालं. बरंचसं काम संग्रहालयातच, लोकांच्या देखत चाललं. कापसाच्या बोळ्याने, थोडं थोडं.

पुतळ्यांवरच्या नंतरच्या थरांखालचे जुने रंग दिसू लागले. चौकटींवर कधीतरी फासलेला तपकिरी रंग निघाला. आणि क्रुसामागचं आकाश. मी वाचलेल्या कितीतरी वर्णनांत ते काळंकुट्ट आहे. ग्रुनेवाल्डची निराशा, मध्ययुगाचा अंधार, असं त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. मीही इंटर्नना तसंच सांगत असे. त्या काळेपणाचा बराचसा भाग रोगणाचा होता. ते उतरल्यावर खाली लागलं ते गडद, हिरवटाकडे झुकणारं निळं आकाश, दिवस बुडाल्यावर थोडा वेळ असतं तसं. इझेनहाइमला कुबडीवर उभ्या असलेल्या माणसाने वर पाहिलं, तेव्हा त्याला ते आकाश दिसलं होतं.